पूल ओळख दाखवतो

“मंडळी, डावीकडे बघा! डावीकडे म्हणजे घड्याळाच्या हाताकडे. ज्यांनी घड्याळ घातलं नाही त्यांनी शेजाऱ्याच्या हाताकडे बघा, आणि शेजारी आवडला तर तिकडेच बघत राहा. बोट माझी, नजर तुमची!”

कर्ण्यातून आवाज आला आणि बोटीवर हशा पिकला. पहिल्या बाकावर एकटी बसलेली ती मात्र डावीकडे बघत नव्हती. शेजारी तर कुणी नव्हतंच. ती समोर बघत होती. समोर पूल होता.

तिचा पूल.

तसा तो या शहराचा. बंदराच्या तोंडाशी उभा, मधोमध दुभंगणारा, उंच डोलकाठीची बोट आली की दोन्ही पानं वर उचलून रस्ता आभाळाकडे उभा करणारा. पण गेले कित्येक दिवस तिने या पुलाच्या पोटात, मशिनघरात, कोपरापर्यंत ग्रीस माखून काढले होते. अशा जडशीळ पानाच्या मागच्या टोकाला तेवढंच जड वजन असतं. दोन्हींचा तोल असा बसवायचा असतो की एका मोटरीने पान पिसासारखं उचललं जावं. हा तोल बसवणं हे तिचं काम. आजवर ती साहेबांच्या मागे पान्यांची पिशवी घेऊन हिंडली होती. हा पहिला पूल तिने एकटीने तोलला, नव्या मोटरी बसवल्या, नवी दातेरी चाकं बसवली आणि काल संध्याकाळी बंदराच्या ऑफिसच्या हवाली केला.

परतीची गाडी उद्या सकाळची. आजचा दिवस कोरा.

साहेब फोनवर म्हणाले होते, “काम निर्मळ झालेलं असेल, मागाहून एकही शेरा पडला नाही, तर खाडीवरचा मोठा पूल तुझा. आता फिर. मजा कर.”

आणि मजा करायला ती कुठे आली? पुलाखालून जाणाऱ्या बोटीवर! शिंप्याने सुट्टीच्या दिवशी लोकांच्या शिलाया बघत हिंडावं, तशातली गत.

“आणि मंडळी, हा आपला पूल!” कर्णा पुन्हा खाकरला. “नुकतीच डागडुजी झाली. परगावाहून कुणी बडा इंजिनिअर आला होता. इतके दिवस रस्ता बंद, आम्हा बोटवाल्यांच्या फेऱ्या बंद. आणि केलं काय? तर म्हणे पूल तोलला! अहो, पूल काय वांगी-बटाटे आहेत का, तोलायला?”

बोट हसली. ती नाही हसली. तिने मान वळवून वर पाहिलं. सुकाणूजवळ एक उन्हाने रापलेला उंचेला माणूस उभा होता. एक हात चाकावर, दुसऱ्या हातात माइक, डोक्यावर जुनाट निळी टोपी. स्वतःच्या विनोदावर तो सगळ्यांत जास्त खूश होता.

भोंगा वाजला. पूल उघडू लागला.

यंत्र ऐकताना तिचे डोळे आपोआप मिटत. आताही मिटले. मोटरीची गुणगुण... चाकांची सळसळ... किती हलकं उचललं जातंय पान! तिला वाटलं, बाकावर उभं राहावं आणि सगळ्यांना सांगावं, बघा, बघा, आभाळ कसं आपोआप उघडतंय...

ठक्.

एकच. बारीक. बाकी कुणाच्या कानावरून वाराही गेला नसेल. पण तिच्या छातीत ते ‘ठक्’ असं रुतलं, जसा पावलात काटा.


धक्क्यावर उतरताना तो फळीपाशी उभा राहून सगळ्यांना निरोप देत होता.

“कशी वाटली फेरी, बाई?”

“फेरी छान. बोटही छान. फक्त इंजिन, चढावर माणूस दमतो तसं, मधेच खोकतं. एक झडप नीट बसत नाहीये.”

त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. “म्हातारीचा खोकला ओळखलात तुम्ही?” बोटीला तो म्हातारी म्हणायचा. “आजवर कुणी... कोण आहात हो तुम्ही?”

“वांगी-बटाटेवाली.”

“काय?”

“तोलते मी. पूल.”

भर समुद्रात सुकाणू उपटून हातात यावं, तसा त्याचा चेहरा झाला. त्याने टोपी काढली, परत घातली, परत काढली.

“पण मी तर... बडा इंजिनिअर *आला* होता म्हणालो ना?”

“हो. एवढंच चुकलं. बाकी बडा ते बरोबर.”

आता तो हसला. कर्ण्यातलं नाही, वेगळं, जरा खाली बघून. “माफी मागतो.”

“अपमान कर्ण्यावरून आणि माफी कानात? हे कुठलं माप?”

“मग पुढच्या फेरीला कर्ण्यावरूनच मागतो. पण त्याला तुम्ही बोटीवर हव्यात.”

“आणि तोवर?”

“तोवर...” त्याने शहराकडे पाहिलं, जणू ते खिशातून काढून द्यायचं होतं. “तोवर गाव दाखवतो. दोन फेऱ्यांच्या मधे मी रिकामाच असतो.”


“हॅलो, आई.”

“फिरतेस की खोलीत लोळत पडलीयेस?”

“फिरतेय. खूप पायऱ्या आहेत इथे.”

“कुणाबरोबर?”

“एकटी.”

“मग ‘पायरी सांभाळा’ कोण म्हणालं आत्ता?”

“...गाईड आहे.”

“गाईड लोक इतक्या हळू आवाजात सांगतात होय?”

“आई!”

“पुलाचा फोटो मी सगळ्या आळीला दाखवला. म्हटलं, हा आमच्या पोरीने उचललाय.”

“मोटर उचलते गं.”

“मोटर कुणी बसवली? मग? मोठी आली मोटरवाली. बरं, त्याचं वय काय?”

“ठेवते मी.”


पायऱ्या खरंच खूप होत्या. दोन्ही बाजूंना घरं, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, उंबऱ्यावर मांजरं, आणि प्रत्येक वळणावर भिंतींच्या फटीतून दिसणारी समुद्राची निळी चीर. तो दोरखंडांचं दुकान असं दाखवायचा, जणू त्यानेच दोर वळलेत. जुनं घड्याळ दाखवायचा, ते मागे पडतं हेही कौतुकाने सांगायचा. “बंदराला घाई नसते, हे त्याला कळलंय.” आणि ती? ती प्रत्येक गोष्टीला हात लावायची. कडी कशी फिरते, झाकण कुठून उघडतं, घंटेचा दोर कुठल्या चाकावरून गेलाय...

“तुम्ही गाव बघताय की तपासताय?”

“माझं बघणं असंच असतं.”

“मग मला असं बघू नका. माझी बरीच झाकणं सैल आहेत.”

“ते फेरीतच कळलं,” ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिचे कान तापले.

वर कठड्यापाशी वारा असा होता की बोलणं अर्धं समुद्रालाच जायचं. तिने दोन्ही हात खिशात घातले होते. तिची जुनी सवय. नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ, कितीही घासली तरी न जाणारी. लोकांच्या घरी चहाचा कप घेतानाही ती बोटं आत दुमडून घ्यायची.

“थंडी वाजतेय?”

“नाही.”

“मग हात का लपवलेत?”

त्याने आपला हात कठड्यावर उताणा ठेवला. तळव्याच्या रेघांत डांबर भरलेलं, अंगठ्याला दोराचे जुने वळ. “बघू,” तो म्हणाला, “कुणाचा जास्त काळा.”

तिने क्षणभर विचार केला. मग खिशातून हात काढला आणि त्याच्या हाताशेजारी ठेवला. शेजारी. वर नाही. मधे एका बोटाचं अंतर.

“हरलो,” तो म्हणाला.

हरण्यात इतकं समाधान तिने पहिल्यांदा पाहिलं.


खाली धक्क्यावर, कॉफीच्या टपरीपाशी, वाळू वाहणारी एक होडी भोंगा देत आली. पूल उघडला. तिने डोळे मिटले. गुणगुण... सळसळ... आणि काही नाही. ठक् नाही.

“काय झालं?” तो म्हणाला.

“काही नाही.” (मघाशी वाजलं. आता नाही. का?)

“कॉफी कडू आहे?”

“छान आहे.” (एक दात सैल असता तर प्रत्येक वेळी वाजला असता.)

“तुम्ही माझ्याकडे बघताय, पण मी दिसत नाहीये तुम्हाला.”

“दिसताय की.” (आणि खरंच दिसतोय. हीच तर पंचाईत आहे.)

खाडीवरचा पूल तिच्या डोळ्यांसमोरून मागे मागे सरकत होता. बोलायचं कुणाजवळ? साहेबांना कळलं की शेरा पडणार. न सांगावं, तर आज बारीक वाजतंय ते उद्या दात तोडणार. एखाद्या सकाळी पूल अर्ध्यावर अडकणार, आणि सगळं बंदर विचारणार, कुणी तोलला हो हा?


“मंडळी! जाहीर करण्यात येतं, की मागच्या फेरीत या कर्ण्याने पुलाच्या इंजिनिअरबाईंचा अपमान केला. कर्णा शरमिंदा आहे. जिने एवढा डोंगर पिसासारखा उचलला, तिच्यासमोर या बोटीची मान खाली आहे. बाई पहिल्या बाकावर आहेत. टाळ्या!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजीबाईंनी तर उठून तिच्या गालावरून हात फिरवला. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असंही वाटलं, आणि आणखी थोड्या टाळ्या वाजतील तर बरं असंही.

तो माइक बाजूला ठेवून हळूच म्हणाला, “आता एक ऐका. पूल उघडताना तुम्ही डोळे मिटता. दोनदा पाहिलं मी. या वेळी उघडे ठेवा. इतकं देखणं काम केलंत, ते स्वतः बघत का नाही?”

तिने डोळे उघडे ठेवले.

पानं उचलली गेली. वर, वर... आणि बरोबर अर्ध्यावर दोन्ही पानं थांबली. क्षणभरच. ठक्. इकडे सुकाणूवर त्याने टोपी उचलली, परत घातली. पानं पुढे निघाली.

तिने पुलाकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं. पुन्हा पुलाकडे.

“हे काय होतं?”

“कुठे काय?”

“पूल थांबला. तुम्ही टोपी काढलीत. होडीसाठी नव्हता थांबला.”

तो कर्ण्यावर बोलणारा माणूस, पण आता त्याचा आवाज बाकापर्यंतही येईना. “वर केबिनमध्ये माझी आत्या बसते. पूल तीच चालवते. ही बोट बाबांची. बाबा खालून जायचे तेव्हा आत्या पूल अर्ध्यावर जरासा थांबवायची. बहिणीने भावाला दाखवलेली ओळख. बाबा टोपी काढायचे. बाबा गेले. टोपी माझ्याकडे आली, ओळखही माझ्याकडे आली. बंदरात सगळ्यांना वाटतं, पुलाची खोडच आहे ती.”

किती गोड आहे हे, असं मन म्हणत होतं, आणि डोकं आतली चाकं फिरवत होतं. जुनी मोटर रेंगाळत थांबायची. नवी मोटर एकदम थांबते. एकदम थांबली की पान झुलतं, आणि दातावर दात आपटतो. चाचण्यांच्या दिवसांत सगळे हुकूम तिनेच दिले होते. पूल रोज चालवतं कोण, कसं, हे तिने विचारलंच नव्हतं. सगळं मोजलं आणि माणूस राहिला!

“हे थांबायला हवं,” ती म्हणाली. “दात तुटतील.”

“तू हे ऑफिसात सांगणार?”

रागात त्याच्या तोंडून ‘तू’ निघून गेलं. दोघांच्याही ते लक्षात आलं. दोघांनीही ते परत घेतलं नाही.

“ऑफिसात नाही. तिलाच सांगणार.”

“तिला? अगं, ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही! आणि तिला कळलं की तिच्याच हाताने पूल... ती मोडून पडेल. नको ना सांगूस.”

“मी पुलाशी खोटं बोलत नाही.”

“आणि माझ्याशी?”

तिने त्याच्याकडे बघितलं. “तुझ्याशीही नाही. म्हणून तर तुझ्या तोंडावर सांगतेय.”

बोट धक्क्याला लागेपर्यंत कर्णा गप्प होता. प्रवाशांना वाटलं, बिघडला.


केबिनचा जिना लोखंडी आणि उभा होता. तो मागे आला. ‘येणार नाही’ म्हणाला आणि आला.

आत्या ठेंगणी होती. पांढऱ्या केसांचा घट्ट आंबाडा, इस्त्रीचा गणवेश, गळ्यात दुर्बीण. तिच्यासमोरचा पितळी दांडा इतका चकचकीत की त्यात तोंड दिसावं.

“ये. तूच ना ती पुलाची पोरगी? इतके दिवस खाली मशिनघरात खुडबुड करत होतीस, पण वर यायचं काही सुचलं नाही.”

“चुकलंच आत्या.”

“चुकलं म्हणते, म्हणजे बरी आहेस. आणि ऐक, काम चोख केलंयस. आधी दांडा ओढला की पूल हातात रडायचा. आता नुसता हात लावला की निघतो. बाईमाणसाचं काम, तेव्हाच ओळखलं मी.” मग भाच्याकडे नजर. “आणि तू रे, तोंड का पाडलंयस? म्हातारी बुडाली का?”

“ही काहीतरी सांगायला आलीये,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तिने सांगितलं. आडवळण न घेता, पण हळू. मोटर कशी थांबते, पान कसं झुलतं, दात कसा आपटतो. सगळं ऐकून झाल्यावर तिने दांडा फडक्याने पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

“म्हणजे माझ्याच हाताने होतंय.”

“तुमचा हात बरोबरच आहे. माझी मोटर—”

“लाडीगोडी नको लावूस. मला विचारलंस तर पुलापेक्षा मोठी नाही मी. माझा भाऊही नव्हता.” ती ताठ बसली. “झालं. आजपासून नाही थांबवणार.”

पुढच्या फेरीला तो बोटीवर गेला. ती केबिनमध्येच थांबली. भोंगा झाला. आत्याने दांडा ओढला. पानं उचलली, अर्ध्यावर आली आणि तशीच सरळ वर गेली. खाली बोटीवर निळी टोपी उचलली गेली. ती हवेत राहिली. ओळखीच्या माणसाने रस्त्यात समोरून निघून जावं, तसा पूल निघून गेला.

ठक् वाजलं नाही. पूल अगदी निर्मळ होता. आत्याचा हात मात्र दांड्यावर इतका घट्ट आवळला होता की नखं पांढरी पडली होती.

शेरा नाही, तक्रार नाही. खाडीवरचा पूल तिचा. एवढंच करायचं होतं की जिना उतरायचा आणि उरलेलं गाव बघायचं.

ती जिना उतरली. आणि तिने फोन लावला.


“साहेब, मी पूल परत उघडतेय. मोटरीचं थांबणं बदलायचंय.”

“काय बिघडलं?”

“बिघडलं नाही. एक गोष्ट विचारायची राहिली होती.”

“कुणाची तक्रार?”

“कुणाचीच नाही.”

“मग झाकली मूठ राहू दे की! हवाली केलेलं काम परत उघडलंस तर शेरा पडणार. मोठ्या पुलासाठी मग मला दुसरं नाव पाठवावं लागेल, हे कळतंय ना?”

“कळतंय. पण मूठ माझी आहे, साहेब. आत काय आहे ते मला माहीत आहे.”

“हट्टी आहेस.”

“तुमच्याकडेच शिकले.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, “ब्रेक आधी लावू नकोस. मोटर पूर्ण शांत झाल्यावर लाव.”

“तेच करणार होते.”

“माहीत आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.


दुपार मशिनघरात गेली. मोकळ्या दिवसाचे नवे कपडे, आणि त्यावर तेच जुनं ग्रीस. आधी ती आत्याला म्हणाली, “डोळे मिटा आणि जुना पूल कसा थांबायचा ते हाताने दाखवा.” आत्याने डोळे मिटले, हात उचलला, आणि तो हात हवेत हळू होत होत असा थांबला, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण टेकावं. तिने तो वेग मनात धरला आणि खाली जाऊन मोटरीला शिकवत बसली. आधी सावकाश व्हायचं. मग थांबायचं. मग ब्रेक. एकदा फार आळशी झाली मोटर, एकदा फार उतावळी. एकदा चक्क मधेच झोपली.

दोन फेऱ्यांच्या मधे तो खाली आला. हातात कॉफी, चेहऱ्यावर काय ठेवावं हे न कळलेलं.

“आत्याने सांगितलं. तुला मोठा पूल मिळणार होता म्हणे. हा असाच सोडला असतास तर.”

“आत्याला कुणी सांगितलं?”

“तू जिन्याखाली बोलत होतीस, आणि तिकडून साहेबही मोठ्याने बोलत होते. तिचे कान तुझ्यासारखेच आहेत.” तो पायरीवर बसला. “मी मघाशी ओरडलो.”

“ओरडलास.”

“माफी कर्ण्यावर मागू?”

“नको. विजेरी धर. इकडे नाही, चाकावर. माझ्या तोंडावर काय मारतोयस?”

“चाकापेक्षा...” तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून त्याने विजेरी निमूट चाकावर धरली. तिला ते पुढचं वाक्य ऐकू आलंच. कान चांगले असण्याचे तोटेही असतात.


दिवसाची शेवटची फेरी. ऊन तिरपं झालेलं, पाणी तांब्यासारखं. ती मशिनघरात डोळे मिटून उभी राहिली. गुणगुण. सळसळ. मग सळसळ हळू झाली... आणखी हळू... आणि शांतता. नुसती शांतता, भरलेली, गोल.

ती धावत बाहेर आली. दोन्ही पानं अर्ध्यावर आभाळात स्थिर उभी होती. खाली म्हातारीच्या सुकाणूवर निळी टोपी उंच धरलेली. कठड्याशी थांबलेले लोक, कशासाठी ते न कळताही, हात हलवत होते.

वरून खिडकी धाडकन उघडली. “ए पोरी! बघितलंस का? कसा थांबला, बघितलंस?”

“बघितलं, आत्या!”

“मी ऑफिसात फोन केलाय! शेरा लिहायचा तर माझ्या नावावर लिहा म्हटलं. अर्ध्यावर थांबवत होते ती मी. आणि आता कितीही थांबवा, काही होत नाही, असा पूल तोललाय हिने. म्हटलं, लिहा हेसुद्धा!” आत्याचा आवाज मधेच चिरकला. “ऐकतेयस ना? लिहा म्हटलं!”

शेरा कुणाच्या नावावर पडणार, हे त्या संध्याकाळी कुणालाच कळलं नाही. ऑफिसं सावकाश चालतात. पण तिने मान वर करून आपल्या पुलाकडे पाहिलं, आणि तिला आभाळ दोन बोटं उरलं.


दिवे लागले होते. तो बोट बांधून आला. ती धक्क्याच्या कडेला बसली होती. तोही बसला. मधे एका बोटाचंही अंतर नव्हतं.

“उद्या सकाळची गाडी ना?”

“हो.”

“आणि गाव राहिलंच बघायचं. दीपगृह राहिलं, जुना धक्का राहिला...”

“जे बघायला आले होते ते बघितलं.”

“पूल?”

“पूलही.”

त्याने टोपी सरळ केली. मग घसा खाकरला. मग परत खाकरला. “मला कर्ण्याची सवय आहे. समोर बोटभर माणसं असली की सुचतं. एकच माणूस समोर असलं की...”

“माणसं गोळा करू?”

“नको, नको!” त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “मला तू आवडतेस. खूप. आज तू आत्याला खरं सांगितलंस तेव्हा राग आला, आणि परत पुलाखाली उतरलीस तेव्हा... तेव्हा मला वाटलं, सगळ्या बंदराला ओरडून सांगावं, ही माझ्या ओळखीची आहे. बस. एवढंच आहे.”

पाणी धक्क्यावर हळू आपटत होतं. तिने पाण्याकडे बघतच विचारलं, “माझं गाव बघायला येशील?”

“काय आहे तुझ्या गावात?”

“धूळ. गिरण्या. रेल्वेवरचा एक लोखंडी पूल, तोही न उघडणारा.”

“पाणी?”

“नळाला येतं. कधी कधी.”

तो हसला, आणि हसता हसता गंभीर झाला. “बाबा गेल्यापासून मी एकही फेरी चुकवलेली नाही. सुकाणू दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेलं नाही.” त्याने बोटीकडे पाहिलं, अशा नजरेने की ती त्याची परवानगी मागत होती की तो तिची, ते कळू नये. “बांधून ठेवेन. राहील ती दोन-चार दिवस धक्क्याला. लोकांनी विचारलं तर आत्या सांगेल काय ते.”

“आत्या काय सांगेल?”

“त्याचीच भीती आहे.”

ती हसत होती तेवढ्यात फोन वाजला. आई. तिने उचलला, आणि एक हात त्याच्या हातात तसाच राहू दिला. तो हात तिथे कधी गेला होता, कुणास ठाऊक.

“आई, आपल्याकडे पाहुणा येणार आहे.”

“तो पायरीवाला?”

“...हो.”

“करतो काय?”

“बोट चालवतो.”

“बोट?” आईचा आवाज चढला. “अगं, आपल्या गावात साधा ओढा नाही! बोटवाल्याचं इथे काय काम?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळं ऐकू जात होतं. तो श्वास रोखून बसला होता.

“काहीच काम नाही, आई,” ती म्हणाली, मान ताठ करून, अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात. “तो फक्त माझ्यासाठी येतोय.”